दार नसलेली शाळा : बाळकृष्ण दोशी

(मंचाच्या मासिक सभेत झालेलं भाषण. सभेला येऊ न शकलेल्या सभासदांच्या आग्रहावरून इथे देत आहोत.)



सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी आर्किटेक्ट नाही. माझं काम प्रयोगशाळेतलं, आणि घरबांधणीचा माझा अनुभव बेसमेंटमध्ये शिरलेलं पाणी उपसण्यापुरता. तरी आज मी एका आर्किटेक्टवर बोलायला उभा आहे, त्याचं कारण गेल्या सभेतली वादावादी. आपण ज्या मुलींच्या वसतिगृहाला मदत करायचं ठरवतो आहोत, त्याचा नकाशा कंत्राटदाराकडून आला होता. तीन मजले, मधोमध कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना खोल्या, दर्शनी भिंतीवर देणगीदारांच्या नावांची पाटी. आपल्यापैकी एकजण म्हणाले की पैसे आपले आहेत, तर इमारत कशी असावी हे आपण ठरवायला नको का? त्यावर मी म्हटलं की बाळकृष्ण दोशी हा प्रश्न वेगळा विचारतील. आणि आपल्याकडचा रिवाज असा की ज्यानं नाव घेतलं, भाषण त्याच्याच गळ्यात.

दोशींचं नाव पुष्कळांनी २०१८ साली पहिल्यांदा ऐकलं, प्रिट्झकर पारितोषिक मिळालं तेव्हा. आर्किटेक्चरमधलं नोबेल म्हणतात त्याला, आणि ते मिळालेले ते पहिले भारतीय. तेव्हा ते नव्वदीत होते. मग २०२२ साली ब्रिटनचं रॉयल गोल्ड मेडल मिळालं. २४ जानेवारी २०२३ रोजी अहमदाबादला, पंचाण्णवाव्या वर्षी, ते गेले. पद्मविभूषण त्यानंतर जाहीर झालं. पारितोषिकांचं एवढंच बोलतो.

जन्म पुण्याचा, २६ ऑगस्ट १९२७. घर गुजराती वैष्णव, एकत्र कुटुंबाचं, आजोबांचा फर्निचरचा धंदा. आई ते तान्हे असतानाच गेली. अकराव्या वर्षी आगीत जखमी झाले, आणि तेव्हापासून थोडे लंगडत चालत. पुण्याच्या घराची एक आठवण ते सांगत, ती पुढे उपयोगी पडणार आहे म्हणून लक्षात ठेवा : घर कुटुंबाबरोबर वाढत गेलं. माणसं वाढली की खोली वाढायची, मजला चढायचा. आपल्यापैकी जे वाड्यात किंवा चाळीत वाढले, त्यांना हे नवीन नाही. गॅलरीला पत्रे ठोकून तिची खोली करणं हा आपला राष्ट्रीय उद्योगच आहे.

१९४७ साली ते मुंबईला जे. जे. मध्ये आर्किटेक्चर शिकायला गेले आणि १९५० साली ते शिक्षण अर्धवट टाकून लंडनला. तिथे रॉयल इन्स्टिट्यूटची परीक्षा द्यायचा बेत होता. १९५१ साली लंडनजवळ हॉड्सडनला आधुनिक आर्किटेक्टांची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे ल कॉर्बुझिए यांच्या चंदीगडची चर्चा चाललेली. एका तरुण भारतीयाला वाटलं की आपल्या देशात शहर उभं राहतंय आणि आपण इथे काय करतोय? अर्ज केला. अर्ज स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून पाठवावा लागला. बोलावणं आलं, पण पगार नाही. पहिले आठ महिने ते पॅरिसला बिनपगारी होते. फ्रेंच येत नव्हतं. शाकाहारी माणूस, ब्रेड, चीज आणि ऑलिव्हवर दिवस काढले. पहिल्या सेमिस्टरला मॅगी आणि पीनट बटरवर जगलेल्या इथल्या मंडळींना मी यावर आणखी काय सांगणार?

आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं वर्ष मात्र १९५४. कॉर्बुझिए यांना अहमदाबादला चार कामं मिळाली होती : दोन घरं, एक संग्रहालय आणि गिरणीमालक संघाची इमारत. त्यांच्यावर देखरेख करायला दोशी भारतात आले आणि मग तिथलेच झाले. ‘परत गेला’ म्हटलं की आपल्या मंडळींत थोडी चुळबुळ होते, मला माहीत आहे. मीही गेलेलो नाही. त्यामुळे इथे त्याग वगैरे शब्द वापरायचा माझा विचार नाही, आणि तो बरोबरही ठरणार नाही. दोशी परतले ते अशा एका गावात, जिथे त्या वेळी कामाला पैसा होता आणि डोकी होती. कस्तुरभाई लालभाई, विक्रम साराभाई ही गिरण्यांच्या घराण्यांतली माणसं एकामागून एक संस्था काढत होती. अटिरा आणि भौतिकी संशोधन प्रयोगशाळा १९४७, आयआयएम १९६१, राष्ट्रीय डिझाइन संस्थाही १९६१. (जाता जाता : यातल्या पहिल्या दोन संस्थांच्या इमारती अच्युत कानविंदे यांच्या. हा सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचा माणूस, हार्वर्डला ग्रोपियस यांच्याकडे शिकलेला. त्यांच्यावर कुणीतरी वेगळं बोललं पाहिजे.) शास्त्रज्ञ म्हणून मला हा भाग महत्त्वाचा वाटतो. माणूस परततो तेव्हा ‘देशात’ परतत नसतो, एखाद्या टेबलाशी परततो. ते टेबल कुणीतरी आधी मांडून ठेवावं लागतं.

१९६२ साली त्याच अहमदाबादेत स्कूल ऑफ आर्किटेक्चर सुरू झालं आणि दोशी त्याचे संस्थापक संचालक झाले. गंमत बघा, ज्यानं स्वतः जे. जे. चं शिक्षण अर्धवट सोडलं, त्याच्या हाती शाळा! पण कदाचित म्हणूनच ती वेगळी झाली. पॅरिसला ते शिकले ते वर्गात बसून नव्हे, उस्तादाच्या शेजारी उभं राहून, म्हणजे आपल्याकडच्या सुतारकामासारखं किंवा गाण्यासारखं. आजोबांच्या फर्निचरच्या धंद्यातही शिकणं असंच असणार. पुढे १९७२ साली नियोजनाची शाळा जोडली गेली, एकेक विभाग वाढत गेला आणि आज आपण ‘सेप्ट’ म्हणतो ते विद्यापीठ झालं. म्हणजे संस्थासुद्धा त्या पुण्याच्या घरासारखीच वाढली.

शाळेची इमारत १९६६ ते ६८ मधली. विटांच्या जाड समांतर भिंती, काँक्रीटचे स्लॅब, उत्तरेकडून येणारा उजेड, खाली सावलीची मोकळी जागा, उतार, पायऱ्या. दोशींचा आग्रह असा की शाळेला दारं नकोत. कोणीही यावं, कोणत्याही वर्गात डोकवावं. मी विद्यार्थी असताना एका उन्हाळी प्रकल्पासाठी अहमदाबादला होतो, तेव्हा तिथे पहिल्यांदा गेलो ते चहाच्या शोधात. मला कोणी अडवलं नाही. एका पायरीवर मुलं-मुली बसली होती, पुठ्ठ्याची एक छोटी इमारत मधे ठेवलेली, आणि एक वयस्कर बाई त्या इमारतीवर तुटून पडल्या होत्या. मी अर्धा तास तिथे उभा होतो. त्या बाईंनी मला विचारलं, तुला काय वाटतं? मी म्हटलं, मी फिजिक्सचा. त्या म्हणाल्या, मग ऊन कुठून येईल ते सांग. मला ते नीट सांगता आलं नाही.

आज माझ्या प्रयोगशाळेत जायला मला तीन ठिकाणी कार्ड दाखवावं लागतं. शेजारच्या गटात काय चाललंय हे मला त्यांच्या पेपरमधून कळतं, वर्षभरानं. सुरक्षेची, पेटंटची कारणं खरी आहेत, मी भाबडेपणानं बोलत नाही. पण त्या पायरीवर जे अर्ध्या तासात घडलं, तसं माझ्या इमारतीत गेल्या कित्येक वर्षांत घडलेलं नाही.

याच काळात दोशींनी आणखी एक काम केलं. आयआयएमच्या इमारतीचं काम त्यांच्याकडे येऊ शकत होतं. त्यांनी संस्थाचालकांना सुचवलं की फिलाडेल्फियाच्या लुई कान यांना बोलवा, आणि स्वतः दुय्यम भूमिका घेतली. हातातलं काम आपल्याहून मोठ्या माणसाला देणं मी माझ्या व्यवसायात फार क्वचित पाहिलं आहे. कान यांचं सुरुवातीचं एक काम आपल्या अगदी जवळ आहे, ट्रेंटनजवळचं ते साधं स्नानगृह, १९५५ चं. मुलांना घेऊन एकदा जा. आणि आपल्यापैकी निम्मे लोक ज्या पेन स्टेशनातून रोज जातात, तिथेच १७ मार्च १९७४ रोजी, अहमदाबादहून परतताना, कान कोसळले आणि गेले. अहमदाबादचं त्यांचं काम पुढे नेलं ते मुख्यतः अनंत राजे यांनी. मुंबईचे, जे. जे. चे विद्यार्थी. फिलाडेल्फियात कान यांच्या कचेरीत काही वर्षं काढून परतलेले, आणि तेही पुढे दोशींच्या शाळेत शिकवत होते. मराठी माणसं या गोष्टीत जागोजागी आहेत, फक्त पाटीवर नाहीत.

दोशींच्या स्वतःच्या इमारतींबद्दल मी भरभर बोलतो, कारण त्या पाहायच्या असतात. ‘संगत’ हा त्यांचा स्टुडिओ, १९८० च्या सुमाराचा. अर्धा जमिनीखाली, वर अर्धगोल छपरं आणि त्यांवर फुटक्या चिनीमातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी, जी आपल्याकडे गच्चीवर घालतात. भौतिकशास्त्र सोपं आहे : पांढरा चकचकीत पृष्ठभाग ऊन परतवतो, आणि खालची जमीन हवेइतकी झटकन तापत नाही. अहमदाबादच्या मे महिन्यात याची किंमत कळते. बंगळूरच्या आयआयएममध्ये त्यांनी लांबलचक ओसऱ्या काढल्या, वेलींनी झाकलेल्या, वर्गाबाहेर थांबून बोलत राहावं अशा. सगळंच जमलं असंही नाही. अहमदाबादच्या जुन्या भागातलं त्यांचं प्रेमाभाई सभागृह अनेक वर्षं बंद राहिलं, आणि फोटोत तरी मला ते त्या जागेवर अवजडच वाटतं.

आता आजचा खरा विषय. इंदूरची अरण्य वसाहत.

गोष्ट १९८० च्या दशकातली. इंदूर विकास प्राधिकरणाची सुमारे ८५ हेक्टर जमीन, त्यावर ६,५०० च्या आसपास घरं बसवायची, आणि त्यांतली साधारण ६५ टक्के सर्वांत गरीब उत्पन्नगटासाठी. आपल्याकडची सरकारी रीत अशी की बराकींसारख्या इमारतींच्या रांगा उभ्या करायच्या आणि किल्ल्या वाटायच्या. दोशींच्या संशोधन संस्थेनं, म्हणजे १९७८ साली काढलेल्या वास्तुशिल्प फाउंडेशननं, आधी इंदूरच्या झोपडपट्ट्या मोजल्या. खरंच मोजल्या. दाराबाहेर किती फूट जागा वापरात येते, झाडाखाली कोण बसतं, गल्ली किती रुंद झाली की मुलं तिथे खेळायचं थांबतात, भाजीवाली कुठे टेकते. शास्त्रज्ञाला आवडेल असं काम आहे हे. झोपडपट्टीकडे रोग म्हणून न पाहता, माणसांनी अडचणीत काढलेलं उत्तर म्हणून पाहिलं. उत्तर अपुरं आहे, पण त्यात माहिती आहे.

मग त्यांनी घर दिलंच नाही. सर्वांत गरीब कुटुंबाला ३५ चौरस मीटरचा, म्हणजे साधारण पावणेचारशे चौरस फुटांचा प्लॉट दिला, त्यावर जोतं, एक न्हाणी-संडास, कुठे जोडीला एक खोली. पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय मात्र पहिल्यापासून पक्की, वीस-वीस घरांना मिळून एक सेप्टिक टँक. पुढचं घर ज्यानं त्यानं, पैसे येतील तसं बांधायचं. कसं बांधता येईल हे दाखवायला ऐंशी नमुना-घरं उभी केली : हा जिना असा घेता येतो, ओटा असा काढता येतो, वरची खोली अशी चढते. आणि पैशाचं गणित असं, की त्याच वसाहतीत हमरस्त्याच्या बाजूला मोठे प्लॉट, सर्वांत मोठा ४७५ चौरस मीटरचा, चांगल्या भावानं विकायचे आणि त्या नफ्यातून आतल्या छोट्या प्लॉटचा खर्च भागवायचा. १९९५ साली याला आगा खान पारितोषिक मिळालं. प्रिट्झकरच्या वेळेपर्यंत वस्ती ऐंशी हजारांच्या वर गेली होती.

पुण्याच्या घराची आठवण लक्षात ठेवा म्हटलं होतं, ती इथे येते. याआधी १९७३ साली अहमदाबादला आयुर्विमा महामंडळाच्या वसाहतीत त्यांनी हेच एकदा करून पाहिलं होतं, मोठं घर खाली, लहान घर वर, प्रत्येकाला थोडी मोकळी गच्ची. लोकांनी पुढे त्या वसाहतीत इतकी तोडफोड आणि भर घातली की मूळ इमारत ओळखू येईना. दुसरा आर्किटेक्ट कोर्टात गेला असता. दोशी खूश होते.

आता शंका. पुरोगामी मंचावर नुसती आरती ओवाळायची नसते.

पहिली शंका बाजाराची. अरण्यातले कित्येक छोटे प्लॉट कालांतरानं मूळ गरीब कुटुंबांकडून वरच्या उत्पन्नगटाकडे गेले. यावर अभ्यासकांनी लिहिलं आहे. काही जण याला अपयश म्हणतात. मला तितकं सरळ वाटत नाही. ज्याच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा विकण्याजोगी वस्तू आली, त्यानं मुलीच्या आजारपणासाठी ती विकली तर तो योजनेचा पराभव की उपयोग? पण तो पुन्हा झोपडीत गेला असेल, तर हिशेब बदलतो. आणि नकाशा कितीही चांगला असला तरी हे तो थांबवू शकत नाही.

दुसरी शंका मुंबईची. तिथे जोतं द्यायला जमीनच कुठे आहे? १९९५ पासून मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात फुकट घर मिळू लागलं, आधी २२५ चौरस फुटांचं, आता ३०० चं, उंच इमारतीत. दारासमोर उजेड नसलेला बोळ, वाढायला एक इंच नाही, घरातून चालवायचा पापडाचा किंवा शिवणाचा धंदा वर नेता येत नाही. बिल्डरला मात्र जमीन मिळते. अरण्याचा नकाशा मुंबईत चालणार नाही हे कबूल. पण आधी मोजा, मग आखा, हे तरी चालायला हरकत नव्हती.

तिसरी शंका माझी स्वतःची, आणि ती मला सर्वांत जास्त टोचते. दोशींच्या बोलण्यात पोळ, ओटला, अंगण, शेजार हे सगळं फार जिव्हाळ्यानं येतं. ऐकताना आपणही हळवे होतो. पण अहमदाबादची पोळ काय किंवा आपली आळी काय, ती जातीनं वसलेली होती. कुंभारवाडा, तेली आळी, आणि महारवाडा गावाबाहेर. ओटा सुंदर आहे, पण कुणाच्या ओट्यावर कोण बसू शकत होतं? बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गोडव्यांवर कोरडे ओढले, ते याचसाठी. अरण्यात उत्पन्नगटांची सरमिसळ काळजीपूर्वक केली आहे. जातीचा प्रश्न नकाशात उत्पन्नाच्या मागे लपतो. आणि दोशींचं स्वतःचं शहर, अहमदाबाद, त्यांच्या डोळ्यांदेखत धर्मावरून दुभंगत गेलं.

त्याचा चटका त्यांच्या एका इमारतीलाही बसला. ‘हुसेन-दोशी गुफा’ नाव होतं तिचं. मकबूल फिदा हुसेन जन्मानं पंढरपूरचे, दोशी पुण्याचे, आणि दोघांनी मिळून १९९० च्या दशकात अहमदाबादेत जमिनीखाली एक गुहा केली. जाळी आणि सिमेंटचं पातळ कवच, आकडेमोड संगणकावर, बांधणारे हात आदिवासी कारागिरांचे, साध्या अवजारांनी. आतल्या भिंतींवर हुसेन यांची चित्रं. ऑक्टोबर १९९६ मध्ये बजरंग दलाच्या लोकांनी तिथल्या कलादालनात घुसून हुसेन यांच्या कलाकृतींची नासधूस केली. २००६ साली हुसेन यांनी देश सोडला, २०११ साली ते लंडनला वारले. गुफेचं नावही बदललं : ‘अमदावाद नी गुफा’. दोन्ही माणसांची नावं गेली. दार नसलेली इमारत बांधणं एक, आणि दार लावून न घेणारं शहर राखणं वेगळं. दुसरं काम एकट्या आर्किटेक्टचं नव्हे, हे मान्य. तरी मला वाटतं, त्यांच्या शब्दाला जे वजन होतं ते त्यांनी अशा वेळी आणखी वापरायला हवं होतं. इथे न्यू जर्सीत बसून असं म्हणणं सोपं आहे, हेही मला कळतं.

आता वसतिगृहाकडे येतो. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. त्या वेळी इथूनही चेक गेले. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, बहुतेक सरळ रेषेतली, शहरातल्या कॉलनीसारखी, रुंद रस्ते, सुटे प्लॉट. भूकंपाला टिकतील अशी घरं, यात वाद नाही. पण गुरं कुठे बांधायची, धान्य कुठे ठेवायचं, दुपारी बायकांनी कुठे टेकायचं, हे नंतर लोकांनी पत्रे ठोकून सोडवलं. विचारणारं कोणी असतं तर ते आधीच कळलं असतं.

म्हणून गेल्या सभेनंतर मी एक आगाऊपणा केला. तिथल्या संस्थेच्या ताईंना फोन केला आणि म्हटलं, सध्या भाड्याच्या घरात राहणाऱ्या मुलींनाच विचारा, वसतिगृहात काय हवं. त्यांनी मुलींना कागद दिले आणि त्या कागदांचे फोटो मला पाठवले. कॉरिडॉर एकीलाही नको आहे. सगळ्यात जास्त वेळा आलेली मागणी : न्हाणीघराला आतून नीट लागणारी कडी. मग कपडे वाळत घालायला रस्त्यावरून दिसणार नाही अशी जागा. रात्री अकरानंतर वाचायला एक दिवा, झोपलेल्यांच्या डोळ्यांवर न येणारा. आई भेटायला आली तर एसटी चुकल्यावर तिला झोपायला जागा. एकीनं अंगणात लिंबाचं झाड काढलंय, त्याभोवती पार, आणि पाराखाली बाणानं लिहिलंय, ‘इथे सगळ्या’.

कंत्राटदाराच्या नकाशात यातलं काहीही नाही. ते कागद मी प्रिंट करून आणले आहेत, चहाच्या टेबलावर ठेवतो. बघा, आणि मग मत टाका.